बूट काढायच्या आधी

करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठलं की फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ होतो. कोकण रेल्वेने खाली मडगावला उतरलं की तो वाड्यावाड्यांचा, चर्चपुढच्या पटांगणांचा होतो. वैभववाडी या दोन्हींच्या मध्ये असूनही आपल्याकडे मुलांच्या हाती टेनिस बॉल आणि बॅटच असते. तरीही शाहू स्टेडियमवरचे पाटाकडील नि खंडोबा तालमीचे सामने मोबाइलवर पाहून फुटबॉलचं वेड घेतलेली मुलं आता आपल्या तालुक्यातही आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून "आपलंही जमेल" ही आशा त्यांच्या घरापर्यंत आली आहे. त्या आशेला मी नावं ठेवणार नाही. पण या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फुटबॉलमध्ये आयुष्य काढायचं असेल, तर खेळाडू म्हणून मिळणारी वर्षं थोडी असतात आणि त्यापुढची वर्षं पुष्कळ. त्या पुढच्या वर्षांची तयारी खेळत असतानाच व्हायला हवी. बूट काढल्यावर ती सुरू करणाऱ्याला फार उशीर झालेला असतो.

वयाचा हिशेब सगळ्यांना माहीत असतो. विसाव्या वर्षाच्या आसपास सुरुवात, पस्तिशीच्या आत शेवट. पण आपल्या देशात वयाआधी क्लबच संपतो, हे फारसं कुणी सांगत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यापुरतंच बघा. राष्ट्रीय विजेता ठरलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी 2015 मध्ये गुंडाळला गेला. 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा हे क्लब आय-लीग या देशाच्या लीगमधून बाहेर पडले, 2017 मध्ये मुंबई एफसीने गाशा गुंडाळला, 2019 मध्ये एफसी पुणे सिटी इतिहासजमा झाला. ज्या लीगकडे सगळे आशेने बघत होते, त्या इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगामही हक्कांच्या कराराच्या वादात जुलै 2025 मध्ये स्थगित झाला. या प्रत्येक वेळी संघातल्या पंचवीस-तीस खेळाडूंपुढे 'आता पुढे काय?' हा एकच प्रश्न उभा राहिला असणार, आणि त्याचा त्यांच्या खेळाशी काडीचाही संबंध नव्हता. चांगला खेळतोय म्हणून पोट चालेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

अशा घसरणीतून मार्ग कसा निघतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण खालिद जमील यांचं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी असा मुंबईतलाच प्रवास करणारा हा मिडफिल्डर भारताकडूनही खेळला. दुखापतींनी खेळ आटोपता घ्यावा लागला आणि 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफसीचे मुख्य प्रशिक्षक झाले. मोठमोठ्या रकमा मोजणाऱ्या क्लबांपुढे तुटपुंज्या साधनांचा हा संघ त्यांनी सात वर्षं वरच्या श्रेणीत टिकवला. तेव्हा त्यांचं कौतुक फारसं कुणी केलं नाही, कारण तळाला न जाणं ही बातमी होत नाही. 2016 मध्ये ते पद गेलं. पुढच्याच हंगामात मिझोरमच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. ईशान्येकडच्या संघाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नेमलं, तेव्हा आयएसएलमध्ये असा मान मिळालेले ते पहिले भारतीय ठरले. ऑगस्ट 2025 मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. 2012 मध्ये साव्हियो मेदेरा यांचा कार्यकाळ संपल्यानंतर त्या जागी भारतीय माणूस आला नव्हता. लोक शेवटचा टप्पा बघतात. मला मोलाची वाटतात ती मुंबईतली सात वर्षं, कारण खालिद यांनी प्रशिक्षणाचं काम तिथे, कुणाचं लक्ष नसताना, हात घालून शिकून घेतलं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, मोठा खेळाडू मुळात जाणकारच असतो, त्याला प्रशिक्षकाच्या लायसन्सच्या कागदाची काय गरज? सुभाष भौमिक यांच्याकडे बघा. 1970 च्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवलेल्या भारतीय संघातले ते खेळाडू, आणि 2003 मध्ये ईस्ट बंगालला आसियान क्लब स्पर्धा जिंकून देणारे प्रशिक्षक. त्यांच्या जाणकारीबद्दल शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती. पण 2012-13 मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने त्यांच्या मार्गदर्शनाखाली आय-लीग जिंकली, तेव्हा त्यांचं पद होतं तांत्रिक संचालकाचं. मुख्य प्रशिक्षकाला लागणारं 'ए' लायसन्स त्यांच्याकडे नव्हतं. इतक्या मोठ्या माणसाला जिथे आडवाटेने जावं लागलं, तिथे जिल्हा गाजवलेल्या खेळाडूला नुसत्या नावावर कोण उभं करणार? आज या लायसन्सची शिडी स्पष्ट आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचं 'डी' लायसन्स, मग आशियाई महासंघाची 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वर 'प्रो'. खालचे अभ्यासक्रम काही दिवसांचे असतात, वर जाल तसे ते महिन्यांवर पसरतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष मैदानावर संघ शिकवलेला असावा लागतो. म्हणूनच ही चढण एका वर्षात उरकत नाही. पस्तिशीला 'डी'पासून सुरुवात करणारा वरच्या पायरीला पोहोचेपर्यंत चाळिशी ओलांडतो, आणि तोवर घर चालवायला दुसरं काही धरावं लागतं. एकदा ते धरलं की मैदान सुटतं.

कागदापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे खेळणं आणि शिकवणं ही दोन निराळी कामं आहेत. गावोगावच्या उन्हाळी शिबिरांत दिसणारं दृश्य घ्या. वीस मुलं एका रांगेत, समोर एक गोल, शिट्टी वाजली की एकाने शॉट मारायचा आणि रांगेच्या शेवटी जायचं. एका शॉटला पंधरा सेकंद धरले, तर पाऊण तासाच्या सरावातल्या पंधरा मिनिटांत प्रत्येक मुलाचा पाय चेंडूला तीनदा लागतो. बाकी वेळ तो उभा असतो, नाहीतर पुढच्याच्या खोड्या काढत असतो. तेच वीस जण चार-चारच्या गटांत छोट्या चौकोनांत खेळवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू कितीतरी जास्त येतो. शिवाय कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, मोकळं कुठे व्हायचं, हे डोकं चालवणंही होतं. रांग लावणारा कोच आळशी नसतो. त्याला जसं शिकवलं गेलं तसंच तो शिकवत असतो, आणि शिकवण्याचं वेगळं शिक्षण न घेतलेल्या खेळाडूचं नेमकं हेच होतं. उलट टोकाला सय्यद अब्दुल रहीम आहेत. पेशाने हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. वर्गात चाळीस मुलांना धडा कसा पोहोचवायचा हे ज्याला कळतं, त्याला मैदानावर निम्मं काम आधीच येत असतं, असं मला त्यांच्याकडे बघून ठामपणे वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. क्लब मुख्य प्रशिक्षक परदेशातून आणतात, मग इतकी मेहनत कशासाठी? गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा हे याचं उदाहरण म्हणून पुढे करता येईल. डेम्पो क्लबचा आणि भारताचा हा खेळाडू. हंगामी प्रशिक्षक म्हणून त्याने एप्रिल 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, अंतिम सामन्यात बंगळुरू एफसीला 2-1 ने हरवून. त्या क्लबचा तो पहिलाच मोठा करंडक. आणि नव्या हंगामासाठी क्लबने परदेशी प्रशिक्षक नेमला. हे कडू आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मिरांडा यानंतर घरी बसला नाही, मोहन बागानमध्ये सहाय्यक म्हणून रुजू झाला. मुख्य खुर्ची एक असते. सहाय्यक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, तेरा-पंधरा-अठरा वर्षांखालच्या संघांचे प्रशिक्षक, अकादम्या, शाळा अशा जागा पुष्कळ असतात आणि त्या बहुतेक भारतीयांच्याच वाट्याला येतात. डेरिक परेरा साळगावकरकडून खेळले, प्रशिक्षक म्हणून 2005-06 मध्ये महिंद्राला राष्ट्रीय लीग जिंकून दिली, आणि नंतर पुणे, गोवा असं करत दीर्घकाळ कामात राहिले. एक क्लब बुडाला तर दुसरीकडे नेता येईल असं काहीतरी त्यांच्या गाठीशी होतं.

खेळत असताना शिकलं तर लक्ष विचलित होतं, असंही आईवडील म्हणतात. पावसाळ्यातले रिकामे आठवडे बघितले तर या म्हणण्यात तथ्य उरत नाही. पहिला अभ्यासक्रम तेवढ्या वेळात सहज बसतो, आणि बचावफळी कशी सरकते हे शिकवायला शिकलेला मुलगा स्वतःही जास्त समजून खेळतो. पैशांची चिंता मात्र खरी आहे. फी, प्रवास, राहणं हे सगळं अंगावर येतं. म्हणून मी एकच दार धरून बसा असं सांगणार नाही. पदवीनंतर बी.पी.एड. केलं तर क्रीडाशिक्षकाची नोकरी मिळू शकते, पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका सरकारी प्रशिक्षकपदांसाठी उपयोगी पडते, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून नीट जपून ठेवा. ऐनवेळी शोधाशोध करून ती मिळत नाहीत. आणि मोठ्या क्लबच्या चाचणीच्या नावाखाली आगाऊ रक्कम मागणारा कुणी भेटला, तर त्या क्लबच्या कार्यालयाशी थेट बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आपल्या तालुक्यातल्या खेळाडूने आणखी एक काम आजपासून करावं, त्याला फी लागत नाही. एक वही घ्यावी आणि प्रत्येक सरावानंतर त्यात चार ओळी लिहाव्यात. आज कोचने काय शिकवलं, मुलं किती होती, चेंडू किती होते, काय जमलं, कुठे सगळे गोंधळले. मैदानाचा छोटा आराखडा काढून कोण कुठून कुठे धावलं ते बाणांनी दाखवावं. सुब्रतो कप या शालेय स्पर्धेसाठी शाळेच्या संघाला जून-जुलैत मदतनीस लागतो, तेव्हा लहान मुलांचा अर्धा तास मागून घ्यावा आणि वहीतलंच एखादं करून बघावं. लायसन्सच्या वर्गात परीक्षक नेमकं हेच करायला सांगतात: सराव आधी कागदावर मांडा, मग मैदानावर घेऊन दाखवा.