परका मनुष्य आणि गुन्हा

गावात चोरी झाली म्हणजे पहिला संशय बहुधा वेशीबाहेर उतरलेल्या परक्यावर जातो. परक्यांबरोबर गुन्हा येतो, ही समजूत सर्व देशांत आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी आम्ही या पाठात अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण घेतो. कारण तेथे या प्रश्नाचा पुष्कळ वर्षे शोध झाला आहे.

१. वस्ती. १८९० साली शिकागोची लोकसंख्या सुमारे अकरा लक्ष होती, व दर दहांत चार माणसे परदेशात जन्मलेली होती. जर्मन व आयरिश लोकांमागून पोलिश व इटालियन लोक आले. भाडे स्वस्त म्हणून नवे लोक कारखान्यांलगतच्या दाटीच्या मोहल्ल्यांत राहत. चार पैसे गाठीस जमले की ते बाहेरच्या अंगास जात, आणि त्यांची जागा दुसरे नवखे घेत.

२. शोध. क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके या दोघा अभ्यासकांनी बालन्यायालयाच्या नोंदी नकाशावर मांडल्या व १९४२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या मोहल्ल्यांत १९०० च्या सुमारास मुलांचे गुन्हे अधिक, त्यांतच तीस वर्षांनंतरही ते अधिक होते. राहणारे लोक मात्र बहुतांशी बदलले होते. जे तेथून चांगल्या वस्तीत गेले, त्यांच्या मुलांतील गुन्ह्यांचे प्रमाण उतरले. कुळ तेच, वस्ती निराळी.

३. कारण. मुलगा शाळेत इंग्रजी शिके, आईबापांस ती येत नसे; त्यामुळे घरात वडिलांच्या शब्दाचे वजन कमी होई. शेजारी आज आहेत, उद्या नाहीत. मग वाट चुकणाऱ्या मुलास हटकावे कोणी? जुना धाक सुटला, नवा जिव्हाळा जुळला नाही, तेथे गल्लीतील टोळीच त्याची सोबती झाली.

४. आलेले व तेथेच जन्मलेले. १९३१ साली अमेरिकन सरकारच्या आयोगास आढळले की, संख्येच्या मानाने परदेशात जन्मलेले लोक देशात जन्मलेल्यांहून कमी गुन्हे करितात. प्रसिद्ध गुंड अल कपोन हा इटालियन आईबापांचा पुत्र खरा, परंतु त्याचा जन्म १८९९ साली न्यूयॉर्क शहरातच झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या अभ्यासातही, स्वतः देशांतर करून आलेल्यांत हिंसेचे प्रमाण तिसऱ्या पिढीहून पुष्कळ कमी दिसले.

५. उपाय. जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार या बाईंनी १८८९ साली अशाच मोहल्ल्यात ‘हल हाऊस’ उघडले. तेथे बालवर्ग, इंग्रजीचे वर्ग व मुलांस खेळावयास जागा होती. पुढे १९३० नंतरच्या दशकात शॉ यांनी रहिवाशांच्याच समित्या उभारून मुलांचा सांभाळ त्यांजकडे सोपविला.

६. आम्हांस बोध. आमच्या देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या मुक्त झाल्या. तरी लोकांच्या मनातील शिक्का पुसला गेला नाही. ज्याने गुन्हा केला त्यास शिक्षा व्हावीच. परंतु त्याच्या जातीस ती देणे हा न्याय नव्हे. ज्यास आम्ही वेशीबाहेरच ठेवितो, त्याच्या मुलास आमच्या गावाची लाज कोठून वाटावी?

विचारार्थ प्रश्न. (१) आपल्या गावी मजुरीस आलेल्या कुटुंबांची मुले शाळेत जातात काय? (२) त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय? (३) पुराव्यावाचून आपण कोणावर आळ घेतला आहे काय?