विमानतळावर सगळ्यांना नेऊ नकोस

हे बघ, व्हिसा आला, तिकीट झालं, बॅगाही भरत आल्या असतील. ते तू नीट करशीलच. मला बोलायचंय ते निरोपाबद्दल. त्याची यादी कुणी करत नाही, आणि मग सगळा निरोप मुंबईच्या विमानतळाच्या दारात उरकावा लागतो.

आपल्या औंधात पोरगी जर्मनीला निघाली की क्रूझर ठरते. आत्या, मामा, शेजारच्या काकू, मांडीवर दोन पोरं. सातारा, पुणे, घाट उतरून मुंबई. तिकीट नसलेल्याला टर्मिनलच्या आत सोडत नाहीत, म्हणजे तुझी माणसं बाहेरच. मागे हॉर्न, शिट्ट्या, आणि तू ट्रॉली धरून कुणाच्या पाया पडायचं राहिलं ते आठवतेयस. तिथं धड बोलणं होत नाही गं. भाऊ एकटा आला तरी पुरे. बाकीच्यांचा निरोप घरी घे, आणि एकेकाचा वेगळा घे.

आजीपासून सुरुवात कर. पुढच्या खेपेला ती असेलच असं नाही, हे तुझ्याआधी तिला कळलंय. तिनं विषय काढला तर “काहीतरीच काय बोलतेस” म्हणून तोडू नकोस, बोलू दे. आपल्या आप्पासाहेब पंतांचंच बघ. 1948 मध्ये भारताचे आयुक्त म्हणून ते नैरोबीला गेले, तेव्हा त्यांचे वडील, औंधचे राजे बाळासाहेब महाराज, ऐंशीच्या घरात होते. 1951 मध्ये महाराज गेले, आणि आप्पासाहेबांची आफ्रिकेतली नेमणूक तेव्हा चालूच होती. राजवाड्यातली माणसंसुद्धा हे असं अंतर ठेवून जगली.

वडील काही बोलणार नाहीत. त्यांना समोर बसवून “बोला” म्हटलंस तर उठून गोठ्यात जातील. त्यापेक्षा सकाळी दोघंच मूळपीठाच्या डोंगरावर जा. यमाईचं दर्शन घ्या, उतरताना भवानी संग्रहालयात डोकवा. शाळेच्या सहलीनंतर तिथं पाऊल टाकलं नसेल त्यांनी. रविवर्म्याची चित्रं बघा, हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्प बघा. चालताना बापाला बोलायला सोपं जातं. नाहीच बोलले, तर तू त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची नावं विचारून लिहून घे. तेही चालेल.

आईची ओटी भरायची लगबग चालू दे, तिला अडवू नकोस. फक्त आत्या कंदी पेढ्यांचा पुडा आणेल तो घरीच फोड आणि सगळ्यांना वाट. दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशांना युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे तूपही नाही. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल ने.

परत यायची तारीख मात्र कुणाला देऊ नकोस. आटपाडी-खानापूरकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलीत. “यात्रेला येतो” या शब्दावर घर कसं थांबून राहतं ते तिकडच्या बायकांना विचार. पौषातल्या यमाईच्या यात्रेला येईन म्हणालीस आणि रजा मिळाली नाही, तर आई वर्षभर बोलून दाखवणार नाही, पण धरून ठेवेल. तिकीट हातात आल्यावरच सांग. फोनची वेळ मात्र ठरवून दे. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आजी नऊला झोपते, म्हणजे तुला कामाच्या मधल्या सुट्टीतच फोन करावा लागेल. त्यांनी जागत बसायचं नाही.

आता जरा कडू. निघायच्या गडबडीत कुणी गोड बोलून कागद पुढे करील. “तू तर चाललीसच, जमिनीचं एवढं सही करून जा.” हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत तुझा भावाइतकाच हक्क आहे, आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मागं घेणं सोपं नसतं. द्यायचा असेल हक्क तर खुशीनं दे, तुझी मर्जी. पण रडवेल्या डोळ्यांनी, न वाचता, निघायच्या आठवड्यात नको. बँकेच्या किंवा तलाठ्याच्या कामासाठी मुखत्यारपत्र द्यायचं झालं तर आईच्या नावानं दे, आणि कुठल्या कामापुरतं ते त्यात स्पष्ट लिही.

कुणी फारच घाई केली तर “ताईला विचारते” म्हण आणि मला फोन लाव. माझ्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असले तरी लाव.