गुरुवारची कढई, गुरुवारची लोकर

पोरी, मोशीच्या घरातली तुझी ही पहिली दिवाळी. जावईबापू चाकणला पाळीवर, तू भोसरीत जनरल शिफ्टला, त्यात सासूबाई गावाहून यायच्यात, आणि काल फोनवर म्हणालीस, "आत्या, फराळ विकत आणते, स्वेटर ऑनलाइन मागवते." आण की. पण थोडंसं घरी कर, सगळ्यांचे हात लागतील एवढंच. तुझे काका रात्रपाळीहून दारात यायचे तेव्हा मुलं दप्तर घेऊन निघालेली असायची. पाचजण एका वेळी घरात दिसायचे ते कढई तापली की, नाहीतर लडी सोडवायला बसलं की. बाकीच्या चुका मी करून ठेवल्यात, त्या तुला पुन्हा करायला नकोत.

१. पदार्थ ठरवायच्या आधी कॅलेंडरवर गुरुवार मोज — आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारची, आणि कोजागिरी ते वसुबारस या दिवसांत एखाद-दुसराच गुरुवार हाती लागतो.

२. कोजागिरीचं दूध संध्याकाळी सातला आटवून मोकळी होऊ नकोस, मंद आचेवर रात्री दहाला ठेव — सेकंड शिफ्टची बस येईपर्यंत चंद्र डोक्यावर असतो आणि दूधही प्यायजोगं गरम असतं. तोवर विणायला बसलीस तर ओट्याशेजारी बस. सुटलेला टाका आणि उतू जाणारं दूध, मान वळली की दोन्ही पसार.

३. भाजणीला ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ मूग डाळ, अर्धी उडीद डाळ, वर धणे-जिरे. डाळ-तांदूळ धुऊन सावलीत वाळव आणि प्रत्येक जिन्नस वेगळा भाज — तांदूळ फुलायची वाट बघेपर्यंत जिरं जळून कडू होतं.

४. गिरणीत डबा ठेवून निघून येऊ नकोस. "गव्हावर दळू नका, हरभऱ्यावर दळा," असं सांग आणि तिथंच उभी राहा — जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते, मग तू मला फोन करून मोहनाला दोष देशील.

५. मोहन मापानेच घाल आणि आधी एकच चकली तळून, गार करून, मोडून बघ — जास्त मोहनाने चकली हसते, कमी मोहनाने दात रडतात. गरम चकली सगळ्यांनाच खुसखुशीत वाटते, खरं काय ते ती गार झाल्यावर कळतं.

६. करंजीच्या पुऱ्या ओल्या फडक्याखाली ठेव आणि कडेला दुधाचं बोट फिरव — सुकलेली कड तेलात उघडते, सारण जळतं आणि पुढची सगळी कढई काळी होते. कातण मात्र घरातल्या सगळ्यात लहानाच्या हाती दे. करंज्या वाकड्या होतील, होऊ देत. माझ्या थोरल्याने सहाव्या वर्षी कापलेली करंजी अर्ध्या चंद्रापेक्षा जोड्यासारखीच दिसत होती. तुझ्या काकांनी ती डब्यात नेली आणि खात्यातल्या सगळ्यांना दाखवली.

७. तळताना कढईच्या मापाचं झाकण हाताशी ठेव, आणि तेल पेटलं तर आधी गॅस बंद, मग झाकण — पाणी ओतलंस तर तेल उडून आग पडद्यापर्यंत जाते.
एका दिवाळीत मी पाण्याचा तांब्या उचलला होता. काकांनी मनगट धरून तो खाली ठेवायला लावला. कंपनीत त्यांना आग विझवायचं शिकवलेलं, मला कुणी शिकवलं नव्हतं. तू हे सासूबाईंनाही सांग, अगदी सहज, त्यांना वाईट वाटणार नाही असं.

८. चाकणच्या बाजारातून दिवाळीत कांदा आणशील तर साठवायला जुना उन्हाळी घे, ताजा लाल कांदा आठवड्यापुरताच — नव्या कांद्यात पाणी जास्त, गोणीत एक कुजला की शेजाऱ्यांना घेऊन जातो. उरलेल्या भाजणीत तोच कांदा चिरून थालीपीठ लाव, पहिल्या पाळीच्या डब्याची सोय होते.

९. मावळातला नवा इंद्रायणी आला की पाणी थोडं कमी घाल — नवा तांदूळ आधीच चिकट, जुन्याच्या मापाने केलास तर भाताची खीर होते.

आता लोकर. दुपारी ऑक्टोबरचं ऊन भाजत असताना ती हातात घ्यावीशी वाटणार नाही, पण थंडी पडल्यावर सुरू केलेला स्वेटर होळीला पुरा होतो.

१०. पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतर, बोहरी आळीत जा आणि पुऱ्या स्वेटरची लोकर एकदमच घे, लेबलावरचा लॉट नंबर जुळवून — तोच रंग पुढच्या लॉटमध्ये जरासा वेगळा येतो आणि एक बाही कायमची परकी दिसते.

११. सुईवर सगळे टाके घालण्याआधी वीतभर चौकोन विणून मोज — माझा हात घट्ट, तुझा सैल. पुस्तकातले टाके पुस्तकवालीच्या हाताचे असतात. बॉर्डरला ११ नंबरची सुई, अंगाला ९ नंबरची. आकडा मोठा तेवढी सुई बारीक, हे विसरतेस म्हणून पुन्हा सांगते.

१२. कढई धरायचं फडकं क्रोशाने विणशील तर ते सुती दोऱ्याचंच, मुक्या खांबाचं आणि दुपदरी — ऍक्रिलिकची लोकर तापली की वितळते आणि कातडीला चिकटते. त्याच कारणाने शाल पांघरून गॅसपुढे उभी राहू नकोस, सासूबाईंनाही राहू देऊ नकोस.

१३. जावईबापूंना मफलर विण, पण आखूड. दोन्ही टोकं जर्किनच्या आत खोचूनच गाडीला किक मारायची आणि मशीनपाशी जाण्याआधी तो लॉकरमध्ये ठेवायचा — फिरत्या चाकाला आणि फिरत्या जॉबला लोंबती लोकर चालत नाही. कानटोपी पातळच विण, जाड टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही.

१४. नणंदेच्या बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे जाळीचे करू नकोस. आतले सुटे धागे कापून शिवून टाक आणि गळ्याशी नाडी नको, बटण लाव — बाळाचं इवलं बोट जाळीत किंवा धाग्यात अडकून आवळलं जातं, आणि ते का रडतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. मोजा घालण्याआधी तो उलटा करून आत बोट फिरव. हे एवढं माझ्यासाठी नक्की कर.

१५. लोकर गार पाण्यात रिठ्याने धू, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि सतरंजीवर पसरून वाळव — भाच्याचा स्वेटर टांगला, मामाच्या अंगाला लागला.

१६. लडीचा गुंडा करायला माणूस बोलव, खुर्चीच्या पाठीला लडी अडकवू नकोस — दोन्ही हात लडीत गुंतलेल्या माणसाला मोबाइल घेता येत नाही, आणि तेवढ्या वेळात तो कंपनीतलं काय काय सांगून जातो. बढतीचं, भांडणाचं, कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचं, सगळं मी लडीपुढेच ऐकलं.

१७. ओळ पुरी करूनच ऊठ आणि सुयांच्या टोकांना खोडरबर खोच — टाके सुटत नाहीत, आणि रात्रपाळीहून आलेला माणूस दिवा न लावता सोफ्यावर टेकतो.