जुने कपाट आणि नवा बाजार

घरातील जुनी वस्तू टाकून द्यावयाची नाही, ती कोणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे, ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. बोहारीण दारोदार फिरे, जुनी लुगडी व धोतरे पारखून घेई आणि त्यांच्या बदल्यात कोरे भांडे देई. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात वापरलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या व्यवहारात लबाडी नव्हती असे मुळीच नाही. बोहारणीचे भांडे कधी पातळ निघे, तर नव्या रंगाने चकाकणाऱ्या पलंगाला आतून वाळवी लागलेली असे. पण त्या लबाडीला एक मर्यादा होती. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे असत, वस्तू डोळ्यांपुढे असे आणि पैसे हातात पडल्यावाचून ती जागची हलत नसे.

आता हा बाजार फोनमध्ये आला आहे. कपाटाचे छायाचित्र काढावे, खाली किंमत लिहावी, की शेजारच्या गल्लीतील किंवा दूरच्या शहरातील गिऱ्हाईक घरबसल्या चौकशी करते. २०१६ साली यूपीआय ही पद्धत सुरू झाली आणि एका खात्यातील पैसे दुसऱ्या खात्यात क्षणात पोहोचू लागले. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु समोरासमोर असण्याचा जो पहारा होता, तो मात्र उठला.

या नव्या बाजारातील चोराची एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. त्याला कपाट नकोच असते. विकणारा मनुष्य आपल्या वस्तूची काळजी करीत बसतो आणि चोराची दृष्टी असते त्याच्या बँकेतील शिलकेवर.

हे कसे घडते, ते एका कल्पित पण नित्याच्या प्रसंगावरून समजेल. साताऱ्यात एक निवृत्त शिक्षक राहत होते. पुण्यास मुलाच्या लहान घरी राहावयास जावयाचे ठरल्यामुळे त्यांनी आपले बिलोरी आरशाचे सागवानी कपाट विकावयास काढले. किंमत १२,००० रुपये लिहिली. ते पैसे आजींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लागणार होते. जाहिरात दिल्यानंतर तासाभरातच फोन आला.

"साहेब, मी लष्करात आहे. नुकतीच पुण्याच्या छावणीत बदली झाली. कपाट मला पसंत आहे."

"अहो, पण आधी येऊन पाहा तरी," आजोबा म्हणाले.

"सुटी कोठली साहेब! उद्या आमचा ट्रक येऊन घेऊन जाईल. किंमत आपण म्हणता तीच. पैसे आताच पाठवितो."

पाठोपाठ गणवेशातील छायाचित्र असलेले एक ओळखपत्रही आले. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाला तर लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. अशा मुलखात सैनिकाच्या शब्दावर संशय कोण घेणार? चोराने तो गणवेश निवडला होता तो याचसाठी. वस्तू न पाहता आणि एका रुपयाचीही घासाघीस न करता १२,००० रुपये देऊ करणारे गिऱ्हाईक जुन्या बाजारात कधी कोणाला भेटले नसेल. पण हा विचार त्या घाईत आजोबांच्या मनात आला नाही.

प्रथम त्यांच्या खात्यात खरोखरच २ रुपये जमा झाले. "पाहा, पोहोचले ना?" फोनवरचा आवाज म्हणाला. गळाला लावलेले ते आमिष होते. नंतर काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक क्यूआर कोड आला. "हा कोड फोनने वाचा आणि आपला पिन टाका, म्हणजे १२,००० जमा होतील." आजोबांनी तसे केले. १२,००० रुपये जमा झाले नाहीत. उलट तेवढेच त्यांच्या खात्यातून गेले.

"अरेरे, चूक झाली साहेब! परत करतो. हा दुसरा कोड घ्या. यात दोन्ही वेळचे मिळून २४,००० येतील. फोन ठेवू नका, मी आहे."

आजोबांचा हात पुन्हा फोनकडे वळला. तेवढ्यात शेजारी बसलेली सातवीतील नात म्हणाली, "आजोबा, मंडईत भाजीवाल्या मावशींच्या पाटीवर कोड लावलेला असतो. तो कोण वाचतं?"

"आपण वाचतो."

"आणि पैसे कोणाला जातात?"

आजोबा थांबले. त्यांनी फोन बंद केला.

नातीच्या प्रश्नात या सगळ्या फसवणुकीचे मर्म होते. क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील एका कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. आज आपण ज्या कोडने पैसे देतो, त्यात पैसे कोणाला द्यावयाचे त्याचा पत्ता असतो. कधी किती द्यावयाचे हेही असते. म्हणून कोड दाखवितो तो घेणारा आणि कोड वाचतो तो देणारा. दुकानदार कोड भिंतीवर लावतो. गिऱ्हाईक तो वाचते. गिऱ्हाईकच दुकानदाराला कोड पाठवू लागले, तर गंगा उलटी वाहू लागली असे समजावे.

पिनचेही तसेच आहे. पोस्टाच्या लाल पेटीत पत्र टाकावयास किल्ली लागत नाही. पत्रे बाहेर काढावयाची झाली म्हणजे लागते. यूपीआयचा चार किंवा सहा अंकांचा पिन ही आपल्या पेटीची किल्ली आहे. कोणी पैसे पाठविले तर ते आपोआप येतात, मग खातेदार झोपलेला असला तरी चालते. पैसे मिळतील असे सांगून पिन विचारला गेला, की पैसे बाहेर निघाले आहेत असे खुशाल धरून चालावे. कोड वाचल्यावर पैसे कोणाला व किती जाणार, हे फोनच्या पडद्यावर दिसतही असते. पण फोनवरचा मनुष्य बोलणे थांबवीत नाही आणि बोलण्यात गुंतलेल्याचे डोळे पडद्यावर ठरत नाहीत. 'फोन ठेवू नका' या आग्रहाचे कारण हेच.

असे वृद्धांचेच होते, असेही मानण्याचे कारण नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीतील एका सुशिक्षित तरुणीने जुना सोफा विकावयास काढला होता. तिलाही आधी किरकोळ रक्कम पाठविण्यात आली. मग कोड आला आणि २०,००० रुपये गेले. चुकीचा कोड गेला असे सांगून दुसरा पाठविला गेला, तेव्हा आणखी १४,००० गेले. शिक्षण कमी पडले असे येथे म्हणता येत नाही. हातून गेलेले पैसे परत मिळविण्याच्या धडपडीत मनुष्य दुसऱ्यांदा फसतो आणि चोराला ही धडपड चांगली ठाऊक असते.

पूर्वी चोर कोडऐवजी पैशांची 'मागणी' पाठवीत आणि तिच्यावर 'पैसे मिळतील' असे लिहीत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक दार मिटले, तरी इतर उघडी आहेत. बँकेचा वाटेल असा बनावट संदेश पाठवून 'चुकून एक शून्य जास्त पडले, वरचे पैसे परत करा' असे कोणी म्हणतो. कोणी टेम्पोवाल्याच्या हाती पैसे भरल्याचे खोटे चित्र पाठवून सामानच उचलून नेतो. कोणी मदतीच्या नावाखाली फोनमध्ये एखादे ॲप घ्यावयास सांगतो आणि त्यातून आपला पडदा दुरून पाहत बसतो.

खोट्या संदेशावर आणि खोट्या चित्रावर एकच तपासणी पुरते. ती म्हणजे आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहणे. संदेश कोणीही लिहू शकतो, चित्र कोणीही बनवू शकतो. बँकेच्या नोंदीत आपल्याला हवी ती रक्कम लिहिणे मात्र या चोराच्या हातचे नाही. खात्यात पैसे दिसेपर्यंत टेम्पोत कपाट चढवू नये. गिऱ्हाइकाला दिवसाउजेडी घरी बोलवावे, घरात दुसरे मोठे माणूस असावे, त्याने कपाटाचे दार उघडून, खण ओढून पाहावे, थोडी घासाघीस करावी. ज्याला खरोखर कपाट हवे असते, तो त्याच्या बिजागऱ्या पाहिल्याशिवाय राहत नाही.

साताऱ्याच्या आजोबांना फोन बंद केल्यावर लाज वाटू लागली. मुलाला कळले तर तो काय म्हणेल, या विचाराने ते गप्प बसले. नात मात्र बसली नाही. तिने १९३० हा आकडा त्यांच्यापुढे लिहून ठेवला. सायबर फसवणुकीत पैसे गेले, तर तक्रार नोंदविण्याचा हा देशभराचा दूरध्वनी क्रमांक आहे. चोर पैसे एका खात्यात राहू देत नाही. तेथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि शेवटी रोख काढून घेतो. ते वाटेत असतानाच तक्रार पोहोचली, तर बँकेला ते अडवून ठेवता येतात. म्हणून येथे मिनिटांना मोल आहे आणि लाजेत घालविलेला प्रत्येक तास चोराच्या पदरात पडतो. आजोबांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली, मग आपल्या बँकेलाही कळविले. १२,००० पैकी ७,५०० रुपये एका खात्यात अडविता आले. बाकीचे तोपर्यंत निघून गेले होते.

कपाट पुढच्या रविवारी कोरेगावच्या एका सुताराने नेले. त्याने आरशाचा पारा उडाल्याचे दाखवून ५०० रुपये कमी केले, नोटा दोनदा मोजून दिल्या आणि निघताना पाणी मागून घेतले.