सावलीतला रंग पानांत शोधा

प्रश्न : आमच्या गॅलरीला थेट ऊन मिळत नाही. गुलाब, जास्वंद फुलत नाहीत. फोटोत दिसणारे होस्टा लावावेत का?

उत्तर : होस्टा नको. त्याला विश्रांतीसाठी कडक थंडी लागते, ती पुण्या-मुंबईत मिळत नाही. मुळात भरघोस फुलायला झाडाला भरपूर अन्न लागतं आणि ते उन्हावर तयार होतं. म्हणून सावलीत फुलांचा हट्ट सोडून पानांचा रंग निवडावा. कॅलेडियम, अग्लोनेमा, कॅलाथिया ही उष्ण प्रदेशातल्या जंगलांत, मोठ्या झाडांखाली वाढणारी मंडळी. कडक ऊन लागलं तर त्यांची पानं करपतात. अर्थात सावली म्हणजे अंधार नव्हे. लाल अग्लोनेमाही अंधाऱ्या कोपऱ्यात फिका पडतो. फुलं हवीतच असतील तर पीस लिली लावा, पण रंग पांढराच मिळेल.

‘कॅलेडियम हिवाळ्यात मरतं’ ही तक्रार नेहमीची. ते मरत नाही, कंद झोपी जातो. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करावं. एरवी कंद कुजतो, आणि बहुतेक कॅलेडियम असे मायेनेच मरतात! उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी सुरू केलं की कोंब येतात. मग मधले महिने कुंडी रिकामी दिसणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी कॅलेडियम छोट्या कुंडीत ठेवून सदाहरित अग्लोनेमांच्या मधे मांडावं आणि झोपल्यावर उचलावं. एकाच कुंडीत दोन्ही नकोत, कारण अग्लोनेमाला तेव्हाही पाणी लागतं. गॅलरीऐवजी अंगणातल्या आंब्याखाली वाफा करायचा असेल, तर तिथेही झाडं कुंडीतच ठेवून कुंड्या मातीत पुराव्यात. आंब्याची मुळं या झाडांना पाणी मिळू देत नाहीत.