तूप किती, ते आधी बघ

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

बेसन लाडवात किलोमागे 120 रुपये सुटतात, रव्याच्या लाडवात 90, म्हणून यंदा बेसनाचेच करणार, असं फोनवर म्हणालीस. तेव्हापासून मला चैन नाही. अगं, नफा तू लाडवाच्या किलोवर मोजलास. घरात मोजकं काय आहे ते पाहिलंच नाहीस. वाण्याची उधारी फिटेपर्यंत नवा माल मिळणार नाही. तूप 8 किलो, साखर 14 किलो, संपलं की संपलं.

तुझंच प्रमाण घेते. किलोभर बेसन लाडवांना पाव किलो तूप नि 300 ग्रॅम साखर. रव्याच्यांना तूप 150 ग्रॅम, पण पाकाला साखर 400. नुसते बेसनाचे वळलेस तर 32 किलोंवर तूप खलास, नफा 3,840, आणि साडेचार किलोंच्या आसपास साखर डब्यात पडून. नुसते रव्याचे 35 किलो, नफा 3,150. बारावीला लिनियर प्रोग्रॅमिंग शिकलीस ना? आलेखावर तुपाची एक रेष काढ, साखरेची एक. दोन्ही छेदतात त्या कोपऱ्यावर 20 किलो बेसनाचे, 20 किलो रव्याचे. तूपही संपतं, साखरही, नि नफा 4,200. आणखी किलोभर तूप मिळालं तर नफा साधारण 380 रुपयांनी वाढतो, साखरेच्या किलोने जेमतेम 80. तेव्हा आईकडे काही मागायचंच तर तूप माग.

पण कागदावर लिहिलं नाहीस ते गणिताला कळत नाही. जॉर्ज डांट्झिग यांनी 1947 साली सिम्प्लेक्स पद्धत शोधली. पुढे स्वतःचा आहार त्यांनी याच गणिताने ठरवायला घेतला, तर उत्तरात 500 गॅलन व्हिनेगर आलं! माणसाला व्हिनेगर किती पिववेल, हे गणिताला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या सोसायटीतल्यांनी 24 किलो बेसन लाडू सांगून ठेवलेत. तीही रेष काढ. मग रव्याचे 13 किलोच होतील, नफा 4,050. दीडशे रुपये गेले तरी चालतील, दिलेला शब्द मोडू नकोस.

आणि बेसन भाजताना सुरुवातीला कोरडं वाटतं, हात तुपाच्या डब्याकडे जातो. थांब. मंद आचेवर हलवत राहिलीस की ते आपलं आपण सैल पडतं, तूप सोडू लागतं. तोवर डबा कपाटातच ठेव.

तुझी,
मावशी