परतीची वायर

भाचेराव, सकाळी किल्ली फिरवल्यावर तुझी मारुती नुसती 'टक' करून गप्प बसली, तर लगेच नवी बॅटरी आणायला धावू नको. बॅटरीवाला आनंदानं विकेल, जुनीचे पैसेही कापून देईल, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच 'टक'. बॅटरीतून निघालेला करंट सेल्फपर्यंत पोचतो का आणि तिथून परत येतो का, हे आधी बघायचं. लोक लाल वायर हौसेनं बदलतात आणि काळी तशीच ठेवतात. जुन्या गाडीत पहिला रुपया काळीवर खर्च कर, असं माझं मत आहे.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीशी त्याचा धातूचा पक्का संबंध नसतो. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला अर्थ पोचवणारी वायर किंवा विणलेली पट्टी असते, ती पंचवीस-तीस वर्षांत आतून सडते. मग करंट दुसरी वाट शोधतो. अ‍ॅक्सिलरेटरची नाहीतर क्लचची केबल त्याला सापडते, ती तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं. क्लच केबल पुन्हा पुन्हा जळते आणि गॅरेजवाले पुन्हा पुन्हा केबलच बदलतात. काहून बदलता बाप्पा, आधी अर्थ बघा ना!

बघायचं कसं? साधा मल्टीमीटर पुरे. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढून ठेव. गाडी एमपीएफआय असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढ. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर धर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर) आणि दुसरं इंजिनच्या खरवडलेल्या धातूवर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर वायर ठीक. ०.५ च्या वर गेला तर वायर नाहीतर तिचं टोक गेलेलं आहे. तसंच प्लसच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मोज. मग खांब आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्यामध्ये मोज. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. शून्य नसेल तर वायर नको, खांब धुवायला खायचा सोडा आण.

मोजण्याआधी मीटर ओहमवर ठेवून त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवून बघ, त्याच्याच वायरी तुटक्या नाहीत ना. यंत्रं खोटं बोलतात. ३० मे २०२४ ला आपल्या नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. अर्थात आपला खरा आकडाही काही कमी नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ झालं होतं. बॉनेटखाली त्यावर आणखी किती चढतं ते तूच हात लावून बघ. आणि तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, साठ अंशांनी तापलं तर जवळपास चौथा हिस्सा जास्त. उन्हात उभी केलेली गाडी दुपारी रुसते आणि संध्याकाळी निमूट चालू होते, त्यामागे बरेचदा अशी काठावरची वायर असते.

आता खरेदी. घाट रोडला जाशील तर वायर जाडीवरून घेऊ नको. जाडी रबराची असते. किती स्क्वेअर एमएम तांबं आहे ते विचार. मारुती आठशेचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. त्याला १६ चालतं, पण मी २५ च घेईन. डिझेल अँबेसेडर असेल तर ३५ च्या खाली जाऊ नये. आणि तांबं म्हणजे तांबंच. हल्ली अ‍ॅल्युमिनियमच्या धाग्यावर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. हिशेब सांगतो: १६ स्क्वेअर एमएमच्या मीटरभर तांब्यात दीडशे अँपिअरला साधारण ०.१६ व्होल्ट जातात, त्या मुलाम्याच्या वायरीत ०.२६. परतीचीही तशीच घेतलीस तर अर्धा व्होल्ट वाटेतच गेला.

ओळखायची रीत भंगारवाल्याकडून शिक. तो एक धागा काढून चाकूनं खरवडतो. आत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम. उलट काही चांगल्या वायरी बाहेरून पांढऱ्या दिसतात, कारण तांब्याला कल्हई केलेली असते. खरवडलं की लाल. लायटरच्या ज्योतीत मुलाम्याचा बारीक धागा लोंबून तुटतो, तांब्याचा नुसता लालबुंद होतो. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. वेल्डिंगची केबलही चालते, बारीक धाग्यांमुळे छान वळते. फक्त तेल आणि उष्णता सोसणाऱ्या आवरणाची माग.

टर्मिनलचं माप लक्षात ठेव. मारुतीच्या मूळ मापाच्या बॅटरीचे खांब बारीक असतात, प्लस साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास आणि मायनस तेरा. जाड खांबाच्या बॅटरीत तेच साडेएकोणीस आणि अठरा. जाडाचं टर्मिनल बारीक खांबावर बसवायला पोट्टे पत्र्याची चकती घालतात. ती घालू देऊ नको. पितळेचं किंवा जाड शिशाचं टर्मिनल घे, पण पत्र्याला चकाकी दिलेलं नको. दोन स्क्रूंच्या पट्टीखाली उघडी वायर दाबायची जी टर्मिनलं मिळतात, ती रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरती. अ‍ॅसिडची वाफ त्या धाग्यांत शिरते आणि आवरणाच्या आतपर्यंत हिरवं चढतं.

वायरीच्या टोकाचा लग हायड्रॉलिक मशीननं दाबून घे. वाडीला ट्रकची वायरिंग करणाऱ्यांकडे विचार. नुसतं झाळून घेऊ नको: कथील धाग्यांत वर चढतं, वायर तिथं ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथंच तुटते. लांबी सुतळीनं मोज, इंजिन हलतं तेवढी ढील ठेवून. पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट हवाच, कारण सेल्फच्या वायरीला फ्यूज नसतो. ती घासली की थेट आग.

काढताना बॉडीला जोडलेली वायर आधी, लावताना ती शेवटी. 'मायनस आधी' असं मुद्दाम म्हणत नाही, कारण पन्नाशीच्या दशकातल्या मॉरिससारख्या इंग्रजी गाड्यांत प्लस बॉडीला असतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेव. खांब सोड्याच्या कोमट पाण्यानं धू, बॅटरीची झाकणं घट्ट लावून. आत सोडा गेला तर अ‍ॅसिड मेलं. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. उन्हाळ्यात बॅटरीत पाणी खुणेपर्यंतच घाल. काठोकाठ भरलं की तापल्यावर ते बाहेर येतं आणि तुझ्या नव्या टर्मिनलवरच सांडतं.

शिसं मऊ, आवळल्यावर थोडं दबतं. आठ-दहा दिवसांनी दहा नंबरचा पाना घेऊन पुन्हा एक पाव फेरा दे. जास्त नको, खांब फिरला तर बॅटरीच गेली.